अकरावी पायरी

बत्तिसावा आठवडा. वार खाली आहे. रात्री कूस बदलली तरी छातीत धस्स होतं.

या भीतीवर संमोहन करून बघायचं म्हटल्यावर सासूबाईंना जादूगाराचा लंबक आठवला. (1843 साली संमोहनावर पुस्तक लिहिणारा सर्जन जेम्स ब्रेड रुग्णांना आपल्या लॅन्सेटच्या चकचकीत डबीकडे बघायला लावायचा!) संमोहन शिकवणाऱ्या बाईंनी मात्र नुसते डोळे मिटायला सांगितले. वीसपासून उलटं मोजायचं, दर आकड्याला आजोळच्या विहिरीची एक पायरी. अकराव्या पायरीवर शेवाळाचा वास आला, खांदे आपोआप सैल पडले. शुद्ध पूर्ण होती. कुकरच्या तीन शिट्ट्याही ऐकल्या.

संमोहनाने वार वर सरकत नाही, रक्त दिसलं तर थेट हॉस्पिटल, हे बाईंनीच आधी बजावलं होतं. म्हणून विश्वास बसला.

काल पहाटे जाग आली. मोजत सातापर्यंत उतरले, तोच आतून एक लाथ.