एका पिनेचा भरवसा



भाताची झोडणी उरकली की आपल्या कल्याण, मुरबाड, शहापूरकडच्या रस्त्यांवर पेंढ्याच्या ट्रॉल्या दिसू लागतात. त्यामागून विटांचा हंगाम येतो. ट्रॉली भरताना आपण दोर आवळून पाहतो, टायरातली हवा पाहतो, डिझेल पाहतो. पण ही सगळी ट्रॉली ज्या एका पिनेवर ट्रॅक्टरला जोडलेली असते, ती पिन खाली वाकून कितीजण पाहतात? मी एकदा पाहिली होती, आणि पाहून गप्प बसलो होतो. ती गोष्ट आज सांगतो.

सन २००३ चा मे महिना संपत आला होता. मुरबाडच्या पुढच्या एका गावी खरिपाचा मेळावा ठेवला होता. बियाणे आणि खताची पोती न्यायची होती. एका शेतकऱ्याने आपली ट्रॉली भाडे न घेता दिली. निघताना माझे लक्ष हुकाकडे गेले. पिन हरवलेली, तिच्या जागी बांधकामाच्या सळईचा तुकडा घातलेला आणि खालून वाकवलेला. मी शेतीचा पदवीधर, दापोलीला यंत्रे-अवजारे शिकलेला. सळई म्हणजे पिन नव्हे हे मला कळत होते. पण उशीर झाला होता, आणि फुकट मिळालेल्या ट्रॉलीला नावे कशी ठेवायची?

"दादा, जाईल ना नीट?" एवढेच मी विचारले.

"रोजच जाते, साहेब," तो म्हणाला.

गावाअलीकडच्या चढावर त्याने गिअर बदलला. झटका बसला, सळई सरळ होऊन निसटली आणि ट्रॉली मागे निघाली. पोत्यांशेजारी त्याचा धाकटा भाऊ बसला होता. त्याने घाबरून उडी मारली, ती नेमकी चाकाच्या बाजूला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. वय अवघे एकवीस.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या आईने मला चहा दिला. "आमचंच नशीब फुटकं, साहेब. तुमचा काय दोष?" ती म्हणाली. माझ्या घशाखाली तो चहा उतरेना. नशीब कसले? ती सळई मी डोळ्यांनी पाहिली होती.

पुढे त्या भावाला डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भांडाराचे काम मिळाले. ओझी उचलायच्या साखळ्या त्याच्या ताब्यात असत. एकदा मी गेलो तेव्हा त्याने एक साखळी माझ्या हातात दिली. "साहेब, इथं हुकाला दुसरा आधार असल्याशिवाय काम सुरू करत नाहीत. आमच्या ट्रॉलीला अशी साखळी असती तर?" मी उत्तर दिले नाही. उत्तर म्हणून तेव्हापासून गावोगाव हेच सांगत फिरतो.

नवी म्हैस आणली की पहिल्या रात्री आपण तिला दावे बांधतो आणि गोठ्याला आगळही लावतो. दावे सुटले तर आगळ आहे. ट्रॉलीची साखळी म्हणजे ही आगळ. पिन गेली तरी ट्रॉली ट्रॅक्टरला धरून राहते आणि चालकाला थांबायला अवधी मिळतो.

साखळी कोणती घ्यावी? विहिरीच्या बादलीची किंवा बैलाची साखळी कामाची नाही. हिशेब करा. एक वीट साधारण तीन किलोची. दोन हजार विटांचे सहा टन झाले. रिकामी ट्रॉली दीड टन धरली तर साडेसात टन. एकट्या साखळीला हे सारे वजन पेलता आले पाहिजे, आणि झटक्यासाठी जादा बळही हवे. ओझे उचलायच्या चांगल्या साखळीच्या कडीवर आठ किंवा ऐंशी हा आकडा कोरलेला असतो. अशी १० मिलीमीटरची साखळी सुमारे साडेबारा टनांच्या ताणापर्यंत तुटत नाही. तिला जोडायचा शॅकलही तितकाच भक्कम हवा. साखळी भारी आणि बोल्ट साधा असेल तर बोल्ट तुटतो. लोखंडी तारेचा जाड दोरही चालतो, पण तुटलेल्या तारा दिसल्या की तो बाद करावा.

लावावी कशी? दोन साखळ्या घ्या. दांड्याच्या खालून फुलीसारख्या न्या. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. दांडा सुटला तर त्या फुलीवर झेलला जातो, रस्त्यात रुतत नाही. एक टोक ट्रॉलीच्या चासीला, दुसरे ट्रॅक्टरच्या मागच्या भक्कम भागाला. त्याच पिनेत साखळी अडकवू नका, नाहीतर दोन्ही एकदमच जातील. लिफ्टच्या हातांनाही बांधू नका. पूर्ण वळण घेऊन पाहा. साखळी ताणली जाऊ नये आणि जमिनीवर घासूही नये. लांब झाली म्हणून पीळ किंवा गाठ मारू नका, जादा कड्या कापून घ्या.

साखळी आली म्हणून पिनेकडे दुर्लक्ष नको. पिन हुकाच्या मापाचीच हवी आणि खालून क्लिप हवीच. दुचाकी ट्रॉलीत सारा माल मागे लादू नका, दांडा वर उचलला जातो. पिन सुटलीच तर एकदम ब्रेक दाबू नका, ट्रॉली मागून आदळेल, हळूहळू थांबवा. आणि मालावर माणूस बसवू नका, मग म्हशाच्या यात्रेला का जायचे असेना.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज ट्रॉलीच्या मागे रिक्षा असतात, मोटारसायकलवर लेकराला घेऊन निघालेली माणसे असतात. ती आपल्या पिनेच्या भरवशावर मागून येत असतात.

म्हणून भगिनींनो, तुम्हालाही सांगतो. डबा हातात देताना घरधन्याला विचारा, "पिन पाहिली का? साखळी लावली का?" ट्रॉली शेजाऱ्याची असली, फुकटची असली, तरी विचारा. त्याला क्षणभर राग येईल, येऊ द्या. त्या दिवशी मी तेवढा राग पत्करला असता, तर एक तरुण आज दोन्ही पायांवर चालत असता.