भीती कशाची, काळजी कशाची?

आमच्या गडमुडशिंगीत कुणाच्याही स्वयंपाकघरात डोकावा, मांडणीवर स्टीलची भांडी ओळीनं चकाकताना दिसतील. रुखवतातली, वास्तुशांतीत आलेली, मोड देऊन घेतलेली. अशा घरात मायक्रोवेव्ह ओव्हन आला की पहिली पंचाईत हीच, की त्यातलं एकही भांडं त्याला चालत नाही! आणि दुसरी पंचाईत भीतीची.

आमच्याकडे तो मुलाच्या लग्नानंतर आला. हे गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारे, सून कोल्हापुरात नोकरीला. रात्री जेवणाच्या तीन पंगती व्हायच्या, म्हणून सोय केली. पुढे सुनेला दिवस गेले आणि सासूबाईंनी (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) फर्मान काढलं, "पोटुशी पोरगी हाय. त्या पेटीम्होरं तिला उभी करू नगंस. किरणं असत्यात त्यात!" सून शहाणी. आजेसासूचं मन मोडायचं नाही म्हणून दमून आली तरी गार आमटीभात मुकाट्यानं खायची. मला ते बघवेना. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनाच विचारलं आणि घरी येऊन यंत्राबरोबरची पुस्तिकाही नीट वाचून काढली.

किरणं असतात हे आत्यांचं खरंच. पण ती रेडिओच्या लहरींच्या जातीची, क्ष-किरणांच्या नव्हेत. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचे एक गृहस्थ रडारच्या यंत्रावर काम करत होते. त्यांच्या खिशातलं चॉकलेट विरघळलं आणि त्यावरून या ओव्हनची कल्पना निघाली. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात, त्यातून उष्णता निर्माण होते. अन्नात त्या साठून राहत नाहीत. दार उघडलं की यंत्र त्या क्षणी बंद पडतं. दाराच्या काचेतली बारीक जाळी त्यांना बाहेर येऊ देत नाही, कारण लहरीची लांबी जवळपास बारा सेंटिमीटर आणि जाळीची भोकं मोहरीएवढी!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटुशीनं त्या पेटीला भिऊ नये. शिळं, अर्धवट कोमट अन्न खाऊ नये." म्हणजे ज्या भीतीपायी आम्ही सुनेला गार जेवण देत होतो, तिथंच खरी काळजी घ्यायला हवी होती. आत्यांना मी एवढंच सांगितलं, "आत्या, पोरीला वाफाळतं जेवण मिळायला हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग दे की कढत करून!"

तर मैत्रिणींनो, काळजी कशाची घ्यायची ते सांगते.

दाराची. दार वाकलं, कडी सैल झाली, काच तडकली तर यंत्र वापरू नका. दाराच्या कडेला खरकटं साचू देऊ नका. आणि घरच्या घरी खोलून बघायचं नाही. वायर काढून ठेवली तरी आत विजेचा जबर साठा राहतो. जाणकार कारागीरच बोलवा. जोडणी मोठ्या सॉकेटवर, आर्थिंगसकट हवी.

भांड्याची. स्टील, अॅल्युमिनियम, सोनेरी काठाची कपबशी, चमचा, काही आत नको. ठिणग्या उडतात. श्रीखंडाचे रिकामे डबे आपण जपून ठेवतो, तेही नकोत आणि मेलामाइनच्या ताटल्याही नकोत. मायक्रोवेव्हची खूण असलेली काच किंवा चिनी माती उत्तम.

वाफेची. झाकण ठेवावं, पण थोडं तिरकं. काढताना तोंड लांब ठेवून पलीकडच्या बाजूनं उघडावं. अंडं, मग ते उकडलेलं का असेना, सालासकट कधीही ठेवू नये, फुटतं. बटाट्याला, वांग्याला काट्यानं टोचे मारावेत. नुसतं पाणी फार वेळ तापवू नये. वरून शांत दिसतं आणि हलवताच एकदम उसळतं.

आणि सगळ्यात मोठी काळजी, सारखं तापण्याची. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्यामुळे कडेला चटका आणि मध्ये गार, असं होतं. भात ताटलीत कडेनं पसरा, मधोमध खळगा ठेवा. मध्ये एकदा ढवळा. बंद झाल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या, तेवढ्यात उष्णता आतपर्यंत पोचते. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि खाताना सगळीकडून वाफाळला पाहिजे. बाळाचं दूध बाटलीत तापवू नका. बाटली हाताला कोमट लागते आणि आतलं दूध तोंड भाजतं. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवलेली बरी.

आता कौतुकाच्या गोष्टी. दोन मध्यम बटाटे पाच-सहा मिनिटांत उकडल्यासारखे होतात. शेंगदाणे मिनिटामिनिटानं हलवत भाजले की काळे पडत नाहीत. लसणाच्या पाकळ्या पंधरा-वीस सेकंद ठेवल्या की सालं पटकन सुटतात. पांढरा रस्सा मात्र अर्ध्या शक्तीवर, ढवळत ढवळत तापवा, नाहीतर फुटतो. ज्वारीची भाकरी ओल्या फडक्यात पंधरा सेकंद, त्याहून जास्त ठेवली तर चामडं! खमंग भाकरी हवी तर तवाच. फोडणीही गॅसवरच घाला, तेल त्यात तापवू नका.

हल्ली रात्री साडेनऊला सून येते तेव्हा आत्याच हाक मारून सांगतात, "झाकण तिरकं ठेव गं, आणि मधी एकदा हलीव!" घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई गार जेवली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या घरी अशी कुणी असेल, किंवा ती तुम्हीच असाल, तर आज तिचं ताट आधी गरम करा.