दुसरी रेकॉर्ड

जॅझ ऐकायचंय म्हणून आलेल्या माणसाच्या हातात 'काइंड ऑफ ब्लू' ठेवायला अक्कल लागत नाही. आठवडाभरात तो खूश होऊन परत येतो, काउंटरवर कोपर टेकतो आणि विचारतो, "आता पुढची कुठली?" या 'पुढची'शी मी तीस वर्षं झगडतोय. गेल्या पावसाळ्यात ती माझ्या हातून गेली, म्हणून हे लिहायला बसलो.

लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत माझं जुन्या रेकॉर्डचं दुकान. येणारे बहुतेक शास्त्रीय गाण्यावर पोसलेले. त्यांच्यासाठी माझी एक ठरलेली युक्ती होती. 'काइंड ऑफ ब्लू'मधलं 'सो व्हॉट' लावायचं आणि हळूच म्हणायचं, "काफी थाट समजा." कोमल गंधार, कोमल निषाद, माणूस लगेच सैल होऊन बसतो. सोळा बार एकाच षड्जावर निवांत जातात, आणि मग आठ बारांसाठी अख्खा षड्जच अर्ध्या सुरानं वर सरकतो. त्या जागी गिऱ्हाइकाच्या भुवया उडतात. खरं सांगायचं तर त्या भुवयांसाठीच मी दुकान उघडत होतो. रेकॉर्ड विकली गेली नाही तरी चालायचं, पण भुवया हव्यात.

त्याच माणसाला पुढच्या खेपेला 'मिंगस आह अम' दिली की ती परत यायची. तीही १९५९ चीच, त्याच कंपनीची, त्याच शहरात ध्वनिमुद्रित झालेली. एका निवृत्त प्राध्यापकांनी ती पिशवीतून काढून अशी ठेवली, जणू भाजीत अळी निघाली. "यात थांबायला जागाच नाही हो." बरोबर होतं त्यांचं. कॉर्ड पायाखालून सारख्या सरकत असतात, एका षड्जावर मांडी घालून बसायची सोय नाही. आणि मांडी घालायला त्यांना कुणी शिकवलं होतं? मीच. तेव्हा मात्र मी मनात म्हटलं, यांचे कान तयार नाहीत.

मग मी बरंच काही करून पाहिलं. सनी रोलिन्सची 'सॅक्सोफोन कोलोसस' दिली. १९७८ च्या मुंबईतल्या जॅझ यात्रेत तो वाजवून गेला, त्याआधी पवईच्या आश्रमात राहिला होता, हेही सांगितलं. आश्रमाची गोष्ट सगळ्यांना आवडली, रेकॉर्ड तिघांना. कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' दिली, तर लोक तिला भजन म्हणून ऐकू लागले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. बिल इव्हान्सची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' मी वेगळ्या तऱ्हेनं विकायचो, आणि ते सांगायला लाज वाटते. २५ जून १९६१ चा रविवार, न्यूयॉर्कमधलं व्हिलेज व्हॅनगार्ड, मागे ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पा. हे सांगून झालं की आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, "हा जो बास वाजवतोय ना, स्कॉट लाफारो, तो यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता." पाकीट हमखास बाहेर निघायचं. पण त्या पोराचा बास किती जणांनी ऐकला आणि मरण किती जणांनी विकत घेतलं, याचा हिशेब मी कधी केला नाही.

'टाइम आउट' मात्र कुणाला सुचवली नाही. ती आपली आपण खपते. पाच मात्रा मोजता आल्या म्हणून माना डोलावणाऱ्यांचा मला राग यायचा. तो आकस होता, दुसरं काही नाही. ती विकायला माझी गरज लागत नव्हती.

आणखी एक कबुली. पेटी वाजवणारे एक गृहस्थ दुकानात पेटी घेऊनच आले होते. म्हणाले, "तुमच्या या 'सो व्हॉट'ची पट्टी कुठंच बसत नाही. पांढरी दोन धरावी तर चढं वाटतं, काळी दोन धरावी तर उतरतं. दुसरी बाजू लावा, ती बरोबर लागते." मी म्हटलं, टर्नटेबलचा बेल्ट सैल असेल. दोनदा बदलला. एकाच टर्नटेबलवर एक बाजू बेसूर आणि दुसरी सुरात, म्हणजे दोष बेल्टमध्ये नाही, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. पण माझी आवडती रेकॉर्ड चुकीची असू शकते हे मला मानायचंच नव्हतं. पुढे कळलं की २ मार्च १९५९ च्या सत्रात मुद्रणाचं यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जुन्या रेकॉर्डवर किंचित जलद आणि चढ्या वाजतात. १९९२ मध्ये ते दुरुस्त झालं. दुरुस्त 'सो व्हॉट' मला अजून उतरलेलं वाटतं. त्या गृहस्थांना सांगायचं राहून गेलं. ते नंतर आले नाहीत.

बाकी, माझ्यापेक्षा वाईट सल्लागार बाजारात पुष्कळ आहेत, एवढं समाधान. जुन्या ब्लू नोट रेकॉर्डच्या शेवटच्या मोकळ्या पट्टीत कारखान्याची एक खूण असते, दिसायला थेट कानासारखी. भिंग लावून ती शोधणारे मुंबईचे संग्राहक माझ्याकडे येतात. कान सापडला की हजारो रुपये मोजतात आणि रेकॉर्ड प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवतात. सुई लावत नाहीत, किंमत उतरते म्हणून. आणि फोनमधलं यंत्र 'काइंड ऑफ ब्लू'नंतर तिच्यासारखीच आणखी एक सुचवतं, मग तिच्यासारखी आणखी एक. मी त्याला नावं ठेवायचो. काफी थाटवाला मी वेगळं काय करत होतो?

गेल्या पावसाळ्यात कानाची तपासणी झाली. वय अडुसष्ट. आलेख चार हजार हर्ट्झच्या पुढे जिन्यावरून पाय घसरावा तसा खाली. 'सो व्हॉट'मधला पॉल चेंबर्सचा बास मला लख्ख ऐकू येतो, माइल्सचा ट्रम्पेटही येतो. झांजेचा आघात कळतो. तिची मागे रेंगाळणारी झणकार कुठेतरी मधेच संपते. 'वॉल्ट्झ फॉर डेबी'वरचे पॉल मोशनचे ब्रश तर आता केवळ आठवणीतून वाजतात. आणि मी गिऱ्हाइकांना सांगतच होतो, "ब्रश ऐका, ब्रश."

दुकानात संध्याकाळी एक मुलगी मदतीला येते. तबला शिकते. महिन्याभरात तिनं काउंटरखालच्या खोक्यातून 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' बाहेर काढली. ती मी मुद्दाम खाली ठेवली होती. ७ जुलै १९५६ चा तो कार्यक्रम. पण रेकॉर्डवरचं बरंचसं नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवलेलं, वर चिकटवलेल्या टाळ्या. असला माल मी विकत नाही, असा माझा तोरा. तिला याचं काहीच नव्हतं. पॉल गोन्साल्व्हिस सॅक्सोफोनवर एकामागून एक सत्तावीस कोरस वाजवतो, तो तुकडा मात्र त्या रात्रीचाच आहे. (गोव्याची मंडळी नाव ऐकून त्याला आपला म्हणतात, त्याच्या घरच्यांचं मूळ केप व्हर्डेचं.) चुकीच्या माइकपुढे उभा राहिल्यामुळे जुन्या रेकॉर्डवर तो लांबून आल्यासारखा ऐकू येतो. मला आता सगळंच तसं येतं, म्हणून असेल, त्या दिवशी तो मला जवळचा वाटला.

एक गाणाऱ्या बाई 'पुढची' मागायला आल्या होत्या. मी मिंगसच्या दिशेनं हात नेला, तेवढ्यात पोरीनं न्यूपोर्ट लावली आणि टेबलावर टाळी धरली. "षड्ज शोधू नका, मावशी. बारा बार, चार-चार मात्रा. अठ्ठेचाळीसचं आवर्तन. सम आली की बोट मोडा." बाई बोटं मोडत बसल्या. दहाव्या आवर्तनाला हसू लागल्या, विसाव्याला मोजणं सोडून दिलं होतं. रेकॉर्ड घेऊन गेल्या. पुढच्या शनिवारी दारातूनच विचारलं, "ती नाहीये का?" मी म्हटलं, "मी आहे ना." त्या म्हणाल्या, "मग नंतर येते."

मिंगस त्यांनी नंतर तिच्याकडूनच नेली. तीही टाळी धरून ऐकतील आणि टाळी सुटेल तिथे पुन्हा अडतील, असं मी मनाशी म्हणत असतो. ते खरं ठरावं असं मला वाटतं, हे त्यातलं वाईट.

पहिल्या रेकॉर्डचं खातं अजून माझ्याकडे आहे. 'सो व्हॉट'मध्ये दीड मिनिटाच्या सुमारास माइल्सचं एकल सुरू होतं, तिथे जिमी कॉबची झांज एकदाच सपकन पडते. त्या जागी मी बोट वर करतो आणि झणकार विरेपर्यंत ते तसंच धरून ठेवतो. कित्येक वर्षांची सवय आहे, गिऱ्हाइकं त्या बोटाकडे बघत ऐकतात. परवा एक तरुण जोडपं समोर बसलं होतं. झांज पडली, मी बोट वर केलं, नेहमीसारखं थांबलो आणि खाली घेतलं.

रॅकमागून पोरगी म्हणाली, "काका, अजून वाजतेय."

मी बोट पुन्हा वर केलं.