ब्यूलीचा जीर्णोद्धार

दक्षिण इंग्लंडांतील न्यू फॉरेस्टच्या झाडींतून आम्ही ब्यूली गांवीं पोंचलों. लॉर्ड माँटेग्यू यांनीं १९५२ सालीं पित्याच्या स्मरणार्थ येथें जुन्या मोटारींचें संग्रहालय उघडिलें. १९६७ पासून येथें सुट्या भागांचा बाजारहि भरूं लागला. जो भाग कोठेंच मिळत नाहीं, तो नव्यानें ओतावा लागतो. जुनाच भाग वाळूंत दाबून सांचा घेतला, तर बीड निवतांना शेंकडा सुमारें १ आकसतें व प्रतिकृति तोकडी ठरते. यास्तव नमुना तितका मोठा घडवितात. वाचकहो, शिळा बदलली तरी देवालय तेंच राहतें. परंतु नवी शिळा मूळची म्हणून दाखविणें ही वंचना होय. म्हणून नव्या भागावर घडणीचें साल कोरावें, हेंच आम्हांस न्याय्य वाटतें.