दोन स्पंदनांचा फरक

वडिलांचे कापडाचे दुकान या दिवाळीला बंद करण्याचे धाकट्या बंधूंनी ठरविले, तेव्हा त्यांना काय द्यावे हे मला सुचेना. अखेर त्यांच्या कन्येनेच जुन्या चोपड्यांतून 1980 सालच्या रोजकिर्दीचे एक पान काढले. वडिलांच्या अक्षरात माझ्या एम.कॉम.च्या फीची नोंद होती. रक्कम माझ्या नावे नव्हे, घरखर्ची टाकलेली! त्याच वर्षी बंधू शाळा सोडून गादीवर बसले होते.

ते पान तीन फूट उंच छापावयाचे ठरले. बाजारात हे काम तासाभरात होते. पण मला ते विकत घ्यावेसे वाटले नाही. भंगारातून एकाच बनावटीचे तीन बंद इंकजेट प्रिंटर वजनावर आणले. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद, आम्हांस तर दोन फूट रुंदी हवी होती. म्हणून तिन्ही यंत्रांचे कागद सरकविणारे रूळ एकाच सळईवर ओळीने बसविले. शाईसाठी पावत्या छापणाऱ्या यंत्रातील बारा छिद्रांची कुपी घेतली. अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतणीने आर्डुइनोवर आज्ञावली लिहिली.

या कुपीची छिद्रे 1/96 इंच अंतरावर असतात. म्हणजे एका फेरीत 1/8 इंचाचा, 3.175 मिलिमीटरचा पट्टा छापला जातो. नंतर कागद नेमका तेवढाच पुढे सरकला पाहिजे. मी सोयीसाठी 3.2 धरले. चाचणीसाठी 36 इंचांची चौकट छापली, ती सात मिलिमीटरने लांब भरली.

"काका, 288 फेऱ्या आहेत," पुतणी म्हणाली. "प्रत्येक फेरीत थोडे थोडे वाढले."

बँकेत एका रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत रोकड मेळ जुळविणारा मी, दशांशाच्या तिसऱ्या स्थानाकडे काणाडोळा करून बसलो होतो. रुळाचा घेर 40 मिलिमीटर आणि मोटरच्या एका फेऱ्यास 3200 स्पंदने. म्हणजे मिलिमीटरला 80. दर पट्ट्याला 254 स्पंदने हवी होती, मी 256 देत होतो. आकडा बदलला आणि चौकट बरोबर आली.

खर्च बाहेरच्या छपाईहून अधिक झाला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. सळई, पट्टा, कुपी नवीनच घ्यावी लागली. पान छापावयास तास लागला.

शेवटच्या दिवशी ते दुकानाच्या भिंतीवर लावले. बंधूंनी चष्मा पुसून नोंद वाचली, दुसऱ्यांदा वाचली. मी म्हणालो, "ही फी तू भरलीस. मला हे सांगावयास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला."

ते काही बोलले नाहीत. शटर ओढण्यापूर्वी त्यांनी कागद जपून गुंडाळला आणि काखेत घेऊन माझ्याबरोबर घरी निघाले.