निळी वही घेऊन बोस्टनला

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला आम्ही बोस्टनच्या एका डॉक्टरांकडं जायला एडिसनहून निघालो. गाडी मुलगा चालवत होता. मी मागच्या सीटवर, उशीला टेकून. पुढं बसलं की ऊन डोळ्यांवर येतं आणि डोकं ठणकायला लागतं. मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही. दोन वर्षांचं दुखणं तिच्यात रोज लिहिलंय, मराठीत.

आमच्या न्यू जर्सीच्या घरामागं मेथी-कोथिंबिरीचे वाफे आहेत, आणि वाफ्यांपलीकडं झाडी. तिथून हरणं येतात. दुखणं सुरू झालं त्या वर्षीच्या जूनमध्ये तिथंच कधीतरी मला गोचीड चावली असणार. लहानपणी गुरांच्या अंगावर पाहिलेली टरटरून फुगलेली गोचीड नव्हे. ही खसखशीच्या दाण्याएवढी, चावल्याचं कळतसुद्धा नाही. बऱ्याच जणांच्या अंगावर लाल चट्टा उठतो, पसरत जातो, कधी त्याला रिंगण येतं. माझ्या अंगावर तो दिसला नाही. ताप आला, फ्लू म्हणून सांगितलं गेलं. पहिली रक्तचाचणी कोरी आली. ही चाचणी जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुढच्या चाचणीत लाइम रोग निघाला. 21 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलं.

सांधे मोकळे झाले, ताप मात्र हटेना. रात्री हुडहुडी, पहाटे चादर पिळून काढावी इतका घाम. सावंतवाडीहून भाऊ फोनवर म्हणाला, "अगं ताई, हा तर हिवतापच वाटतोय मला." डॉक्टर नसूनही तो किती जवळ गेला होता! रक्ताच्या काचपट्टीवर बॅबेसिया नावाचा परजीवी सापडला. हाही हिवतापाच्या परजीवीसारखाच तांबड्या पेशींत शिरतो, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्याचसारखा दिसतो. एकाच गोचिडीच्या एकाच चाव्यातून हे दोन्ही पाहुणे येऊ शकतात, आणि डॉक्सिसायक्लिन बॅबेसियावर उपयोगाचं नाही. मग अझिथ्रोमायसिन आणि अॅटोव्हाक्वोन. हे दुसरं पिवळंजर्द, दाट औषध स्निग्ध खाण्याबरोबर घेतलं तरच अंगी लागतं. मी ते तुपात भिजवलेल्या पोळीबरोबर घ्यायची. अजूनही तुपाच्या वासाबरोबर त्याची चव जिभेवर येते.

पट्टी स्वच्छ झाली. मी नाही झाले. जिना चढून गेलं की तासभर आडवं व्हायचं. कढईपुढं उभं राहून फोडणी घातली की नाही ते आठवायचं नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं, सगळं मनाचं आहे. दुसऱ्या एका खासगी दवाखान्यात नेमकं उलटं: रोख पैसे भरा, दंडातून मोठ्या शिरेत नळी बसवू, सहा महिने अँटिबायोटिक. हातात सात-आठ सहसंसर्गांची यादी, त्यातल्या निम्म्यांची धड तपासणीही झालेली नव्हती. मी सही करणार होते. जो 'तुम्ही खरंच आजारी आहात' म्हणतो, त्याला नाही म्हणणं फार अवघड जातं. मुलानं थांबवलं. अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये झालेले अभ्यास त्यानं माझ्यापुढं ठेवले: महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेऊन जोखमीच्या मानानं टिकाऊ फायदा दिसलेला नाही, आणि अशा नळ्यांतून रक्तात संसर्ग होऊन माणसं दगावली आहेत. त्या रात्री मी रडले. वाट बंद झाली म्हणून.

बोस्टनच्या वाटेवर न्यू हेवन मागं पडलं. ओल्ड सेब्रुकपाशी कनेटिकट नदीवरचा लांब पूल लागला. "आई, पूल उतरलं की ओल्ड लाइम. थांबूया का?" मी हो म्हटलं. माझ्या आजाराला ज्या गावाचं नाव आहे, त्या भागातून न थांबता कसं जायचं?

इतकं देखणं गाव असेल असं वाटलं नव्हतं. पांढरं, उंच मनोऱ्याचं चर्च, तांबूस-पिवळी मेपलची झाडं, आणि रानात शिरत गेलेले दगडी गडगे. कोकणातल्यासारखे गडगे पाहून मी बघतच राहिले. रानात कुंपणं कशाला? कारण तिथं एके काळी शेतं होती. एकोणिसाव्या शतकात शेतकरी ती सोडून पश्चिमेला, शहरांकडं गेले. रान परतलं, पुढं हरणंही परतली, आणि मग त्याच रानात माणसांनी घरं बांधली. जंतू सांभाळतात ते मुख्यतः पांढऱ्या पायांचे उंदीर. हरणं मोठ्या गोचिडींना पोसतात. मी डांबरी रस्त्यावरून खाली पाय ठेवला नाही. गवताच्या कडेला उभी राहिले, मोजे पँटवरून ओढून.

इथंच, शेजारच्या लाइममध्ये, पॉली मरी नावाची एक आई राहत होती. ती स्वतः, नवरा, मुलं, सगळी वर्षानुवर्षं आजारी. डॉक्टर तिलाच वेड्यात काढायचे. ती टिपणं ठेवत राहिली, कोणाचा गुडघा कधी सुजला, आळीतली आणखी कुठली मुलं लंगडतात. 1975 मध्ये तिनं आणि दुसऱ्या एका आईनं राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. येल विद्यापीठाचे अॅलन स्टीअर तपासाला आले आणि 1977 मध्ये तीन गावांतल्या 51 रुग्णांची हकिकत प्रसिद्ध झाली. त्यात 39 मुलं होती. जंतू विली बर्गडॉर्फर यांना 1981 मध्ये सापडला, समोरच्या खाडीपलीकडच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडींत. पण सुरुवात एका बाईच्या टिपणांनी झाली. मी गाडीत बसून वहीवर हात ठेवला.

बोस्टनला दुपारी पोचलो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. रिपोर्टांचा गठ्ठा त्यांनी बाजूला सारला आणि वहीकडं बोट केलं.

"मराठीत आहे," मी म्हटलं.

"मग वाचून दाखवा. मुलगा सांगेल मला."

सव्वा तास मी वाचत होते. ठणका आणि कळ यांत काय फरक, हे त्यांनी दोनदा विचारलं. मला झोपवून, मग उभं करून नाडी मोजली. दहा मिनिटांत ती किती चढते ते लिहून घेतलं. जंतू अजून जिवंत असल्याचा पुरावा मला दिसत नाही, त्या म्हणाल्या. हा थकवा कशानं टिकलाय ते आज कुणालाच नीट ठाऊक नाही. पण तो आहे, आणि झोप, नाडी, चालणं यांवर आपण आत्तापासून काम करू. नवीन अँटिबायोटिक दिलं नाही.

एका शब्दावर मुलगा अडला. जवळजवळ रोजच्या पानावर होता तो. ताप नाही, थंडी नाही, दुखणंही नाही. यायच्या बेतात असलेलं काहीतरी अंगभर. त्यानं तीन वाक्यं करून पाहिली आणि मान हलवली.

"अक्षरं सांगा," म्हणत त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. मुलानं एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी टाइप केलं, आणि बरोबर आहे का ते पाहायला पडदा माझ्याकडं वळवला. माझ्या नावाखाली, तारखेसमोर लिहिलं होतं: कणकण.