सोमवारच्या दोन पिशव्या

मैत्रिणींनो, रविवारी रात्री तुमच्या घरी काय शिजतं? माझ्या घरी रविवारच्या ताटावरूनच माझा आठवडा साधला की फसला ते कळतं. कारण आमचा बाजार सोमवारी. सोमवारी भरलेल्या दोन पिशव्या रविवारपर्यंत पुरवायच्या, आणि पुरल्या नाहीत तर शेजारी वाटी घेऊन जायचं. वाटी सगळ्याच नेतात म्हणा, पण रोज रोज नेली की नावं ठेवतात.

आमचं गाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. बुद्रुक म्हणजे थोरली. धाकटी ती बोरी खुर्द. कुकडी नदीच्या काठचं गाव, येडगाव धरणाच्या खालच्या अंगाला. भोवती ऊस आणि कांदा, बांधाबांधानं थोडा भाजीपाला. बाहेरची शिकलेली माणसं बोरीला येतात ती मात्र राखेसाठी! नदीकाठच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनीही त्याचा अभ्यास केलाय. ही राख इथली नाही, पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी उडून आलेली, असं मानतात. तिच्या वयावरून विद्वानांत बरेच वाद झाले. तिच्याजवळ आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली आहेत. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं डोळे मोठे करतात. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मंजी तवाबी मान्सं हितंच खायला धुंडीत व्हती."

मी लग्न होऊन इथं आले ती पुण्याहून. माहेरी वडिलांचा पगार एक तारखेला, वाणसामान दोन तारखेला, आणि भाजी रोज संध्याकाळी दारावर. त्या सवयीनं पहिल्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात गेले आणि हिरवागार पाला बघून हरखलेच. मेथी, शेपू, चुका, करडई, सगळं पिशवीत! वर चार जुड्या कोथिंबीर. गुरुवारी मेथी पिवळी, शेपूचा चिखल. फ्रीज होता, पण वीज रात्रीची तरी नाही तर दिवसाची तरी नाही. शुक्रवारपासून पिठलं, पिठलं आणि पिठलं. मालक काही बोलले नाहीत. सासूबाई मात्र बोलल्या, "आगं, आदी पाला संपवावा, मग फळभाजी, मग कडधान्य. येवढं बी.ए.ला शिकवीत न्हाईत व्हय?"

नाही हो शिकवत! म्हणून ते इथं लिहिते.

सोमवारी रात्री आणि मंगळवारी पालेभाजी. बुधवार-गुरुवार वांगी, गवार, घेवडा. शुक्रवारी बटाटा, कोबी, दुधी यांतलं जे असेल ते. मटकी गुरुवारी सकाळी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधायची, शनिवारी उसळ. थंडीत मोड यायला उशीर लागतो, तेव्हा फडकं चुलीच्या उबेला ठेवायचं. आणि शनिवारी रात्री हुलग्याचे शेंगोळे, लसूण-मिरचीच्या पाण्यात रटरटलेले. त्याला ना भाजी लागते ना डाळ.

बाजरीचं सांगायचं राहिलंच. आमची सहा माणसं, रोजच्या भाकरीला दीड किलोच्या आसपास पीठ जातं. बाजरी घरची आहे म्हणून एकदाच महिन्याची दळून आणू नका. तिच्यात तेलाचा अंश असतो, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागतं. मी पहिल्या वर्षी वीस किलो दळलं आणि मग कडू भाकरी गुळाबरोबर खपवली. म्हणजे बाजारासारखंच दळणही आठवड्याचं. वाण्याकडचं सामान थोडं थोडं घेणं महाग पडतं हे खरंय. मोठी पिशवी स्वस्त, छोटी पुडी महाग. पण ज्या घरी पैसा पीक विकल्यावर येतो आणि माझ्यासारखीचं मानधन तासांवर, तेही चार-चार महिने अडकून, त्या घरी महिन्याची यादी लिहायची कुणाच्या भरवशावर?

आता मुख्य गोष्ट सांगते. सांगू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

२०२३ च्या जुलैत टोमॅटोला सोन्याचा भाव होता. नारायणगावच्या बाजारात क्रेट घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यांची नावं पेपरात येत होती. आमचे थोडेच होते, पण तेवढ्या दिवसांत मी आमटीला चिंच वापरली. घरच्या रानात टोमॅटो आणि आमटीत चिंच! एक टोमॅटो चिरायचा म्हणजे पैसे चिरल्यासारखं वाटायचं. त्या पैशावर आम्ही कांदा केला. ८ डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली आणि काही दिवसांत भाव कोसळले. ती बंदी उठली २०२४ च्या मे महिन्यात. आमचा कांदा निघाला तो नेमका मधल्या काळात. आळेफाट्याला नेलेल्या गोण्यांतून गाडीभाडं आणि मजुरी गेली, आणि हातात आलं ते सांगण्यासारखं नाही. गावातल्या दुकानदाराच्या वहीत आमच्या पानावर दोन हजार नऊशे रुपये. तो बिचारा काही म्हणाला नव्हता, पण मुलगी साखर आणायला गेली तर "आईला ये म्हणावं" असा निरोप घेऊन आली.

संक्रांत होती १५ जानेवारीला, आणि तोही सोमवारच. म्हणजे तिळगुळाचा बाजार करायचा तो ८ तारखेला. माझ्या पर्समध्ये तीनशे रुपये. सासूबाईंनी सकाळी भुशाच्या डब्यात दोन डझन गावरान अंडी रचली, कांद्याच्या वाफ्याच्या कडेची मेथी-कोथिंबीर जुड्या बांधून पाटीत घातली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यांचा गुडघा सुजलेला. मालक पाळीच्या पाण्यावर. म्हणाल्या, "इकून यी. मग घी."

मी बाजारात घ्यायला जाते, विकायला नाही. मी बाई आहे, शाळेतली बाई! अर्ध्या बेल्ह्याची मुलं माझ्या हाताखालून गेलेली. तोंडावर आलं होतं, पण सासूबाई पाटीवर ओलं फडकं झाकत होत्या. बहात्तरच्या दुष्काळात तेरा वर्षांची ही बाई खडी फोडायला जात होती, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन. तिच्यापुढे माझी पदवी कुठल्या तोंडानं काढायची?

एस.टी. चुकली. मिळाली असती तर अर्धं तिकीट. २०२३ च्या मार्चपासून आम्हां बायकांना ती सवलत आहे. मग जीप. बेल्ह्याचा बाजार मूळचा बैलांसाठी नावाजलेला. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींवरची बंदी उठली आणि शर्यतीच्या खोंडांची चर्चा पुन्हा रंगू लागली. आम्हां बायकांचा बाजार वेगळ्या अंगाला. तिथं मी गोणपाट अंथरलं आणि पदर कपाळापर्यंत ओढून बसले. अर्धा तास गेला. गिऱ्हाईक माझ्यासमोरून जाई आणि पुढच्या बाईकडे थांबे.

"बाई, असं ढिगात ठिवू नका. वाटे करा."

ओळखीचा आवाज. माझ्या शेजारच्या गोणपाटावर आईबरोबर सुक्या मिरच्या आणि लसूण घेऊन बसलेला, माझ्या आठवीतला मुलगा. हा मुलगा दर मंगळवारी "काल आलो नव्हतो, बाई" म्हणायचा, आणि मी त्याला दर मंगळवारी उभा करायचे. हजेरीपटावर त्याच्या सोमवारांची रांगच्या रांग होती. मागच्याच आठवड्यात मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "तुला सोमवारी सुट्टी कुणी मंजूर केलीय?"

त्यानं माझ्या जुड्या उलगडून मुळं एका बाजूला केली, पाणी शिंपडलं, अंडी सहा-सहाची मांडली. "दहाला एक सांगा. शेवटाला पंध्राला दोन." मग स्वतःच ओरडायला लागला, "गावरान अंडी, बाईंची अंडी!" मला धरणी दुभंगावी असं झालं. त्याची आई त्याला दटावत होती आणि हसतही होती. पण अंडी तासाभरात संपली. वर्गातल्या एका मुलीच्या आईनं दोन जुड्या घेतल्या, भाव केलाच नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. ते मात्र मला अजून टोचतं. भाव केला असता तर बरं झालं असतं.

जागेची पावती वजा जाता ३८५ रुपये आले. जवळचे तीनशे धरून ६८५. उभ्या उभ्या यादी कापली. तूरडाळ किलोची अर्धा, शेंगदाणे अर्धा, मटकी अर्धा, बेसन अर्धा, तेल एक पिशवी. तीळ पाव किलो आणि गूळ किलोभर मात्र कापले नाहीत. लसूण त्या महिन्यात इतका महाग होता की मी शंभर ग्रॅम मागितला. माझ्या शेजाऱ्यानं वजनावर आणखी चार कुड्या टाकल्या. नको म्हटलं तर म्हणतो, "मंगळवारी उभं नका करू."

परतीच्या जीपचं भाडं वेगळं ठेवून आठ रुपये उरले. दिवस मावळायच्या आत घर गाठायचं, उसात बिबट्या असतो. सासूबाई ओट्यावर वाट बघत होत्या. त्यांनी पिशव्या उपसल्या, डाळ हातावर घेऊन बघितली आणि डब्यात जाताना तिच्यात मूठभर हुलगे मिसळले. आमटी दाट होते, असं म्हणाल्या.

त्या रविवारी भोगी होती. सोमवारच्या पिशवीतलं एक गाजर, दोन वांगी, मूठभर घेवडा मी आठवडाभर राखून ठेवला होता. हरभऱ्याचा डहाळा रानातून आला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी झाली. पाहुणे येतील म्हणून सासूबाईंनी मासवड्याही करायला लावल्या. आमच्या जुन्नर-आंबेगावकडची ही खासियत. नावात मास असलं तरी बेसनाच्याच! मसाल्याच्या पाण्यात बेसन घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, आत भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर यांचं सारण, फडक्यासकट दुमडून माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या पाडायच्या. सोबत झणझणीत पातळ रस्सा. त्या चार जास्तीच्या कुड्या त्यात गेल्या. पाहुणे सोळा भाकरी खाऊन गेले.

दुकानदाराच्या वहीतलं पान एप्रिलमध्ये मिटलं, माझं मानधन आलं तेव्हा. मुलगा अजूनही सोमवारी येत नाही. आई एकटीनं दोन गोण्या उचलू शकत नाही. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी त्याला सोमवारचा धडा सांगते. गणित मला येत नाही, ते तो मला शिकवतो, वाट्यांच्या हिशोबानं.